पिवळा झाला, पण पिकला का?

मार्च लागला की तुर्भ्याच्या फळबाजारातून हापूसच्या पेट्या कोपरखैरणे, ऐरोली, कळवा करत पार घोडबंदर रोडपर्यंत पोचू लागतात, आणि त्यामागोमाग दर वर्षीची तक्रारही येते. आंबा वरून हळदीसारखा पिवळा, कापला तर आंबटढोण. खापर फुटतं ‘केमिकल’वर. बहुतेक वेळा ते चुकीच्या माणसाच्या डोक्यावर फुटतं. त्या आंब्याचं नुकसान पिकवताना झालेलं नसतं, झाडावरून उतरवतानाच झालेलं असतं.

याचं कारण समजायला पिकण्याचं काम दोन टप्प्यांत पाहावं लागतं. झाडावर असताना पानांनी तयार केलेली साखर देठातून फळात येते आणि तिथे स्टार्चच्या रूपात साठते. हा झाला भरणा. देठ तुटला की भरणा बंद. नंतर त्यात एक कणही वाढत नाही. दुसऱ्या टप्प्यात साठलेल्या स्टार्चची साखर होते, आम्ल कमी होतं, पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळून गर मऊ पडतो, सालीतलं हरितद्रव्य मोडतं, कॅरोटीनचा केशरी रंग वर येतो आणि वास सुटतो. हा दुसरा टप्पा सुरू करण्याचा हुकूम इथिलीन नावाचं संजीवक, म्हणजे वनस्पतीचं हार्मोन, देतं. हुकूम कितीही जोरात दिला तरी कोठारात जेवढं आहे तेवढंच बाहेर निघणार. अर्धवट भरलेल्या कैरीला इथिलीन दिलं तर हरितद्रव्य मुकाट्याने मोडतं, साल पिवळी होते, गरही थोडा नरमतो, पण साखर व्हायला पुरेसा स्टार्चच नसतो आणि आम्ल मात्र भरपूर उरलेलं असतं.

उतरवण्याजोगं भरलेल्या फळाला कोकणातले बागायतदार ‘चौदा आणे तयार’ म्हणतात. सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे साधारण ८५ टक्के. या अवस्थेत देठाजवळ खांदे वर आलेले असतात, देठ किंचित खड्ड्यात गेलेला असतो आणि गर्द हिरवा रंग फिकट होऊ लागलेला असतो. पूर्ण सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवावं तर हापूसमध्ये साका वाढतो, म्हणून चौदा आण्यांवर काढणं हाच शहाणपणा. (साका म्हणजे आतला पांढुरका, स्पंजासारखा भाग. तो बाहेरून ओळखता येत नाही आणि कुठल्याही पद्धतीने पिकवून जात नाही. त्यासाठी पेटी देणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही.)

घरी तपासायचं असेल तर कच्चा, कडक आंबा बादलीभर पाण्यात सोडा. भरलेलं फळ पाण्यापेक्षा जड असतं, ते तळाला जातं. तरंगलं तर ते कोवळं आहे. व्हॉट्सअॅपवर हीच चाचणी ‘तरंगला तर कार्बाईडचा’ म्हणून फिरते. ते खरं नाही. पाणी फक्त फळाचा भरणा सांगतं, पिकवायला काय वापरलं ते सांगत नाही. कोवळी फळं झटपट पिवळी करायलाच कार्बाईड जास्त वापरलं जातं, म्हणून दोन्ही गोष्टी कधी कधी एकाच फळात सापडतात, एवढंच.

गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या दिवसांत भाव चढा असतो, तेव्हा दहा-बारा आणे भरलेला माल उतरवण्याचा मोह होतो. त्या आधीचा जानेवारी-फेब्रुवारीचा माल मुळात येतो कसा, हीसुद्धा संजीवकांचीच गोष्ट आहे. आंब्याला मोहोर यायचा तर झाडातलं जिबरेलिन कमी व्हावं लागतं, कारण ते पालवी फुटण्याच्या बाजूने झुकतं. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेलं ‘कल्टार’, जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवती मातीत देतात; फांद्यांच्या विस्ताराचा व्यास मोजून दर मीटरला ३ मिली. ते जिबरेलिन तयार होणं रोखतं आणि मोहोर लवकर निघतो. हे औषध फळ पिकवत नाही, फक्त हंगाम अलीकडे ओढतं. लवकरच्या मोहोराचं फळसुद्धा पूर्ण भरू दिलं तर चांगलंच होतं.

आता मूळ पात्राकडे. इथिलीन हा दोन कार्बन आणि चार हायड्रोजनचा अगदी साधा वायू. दिव्याच्या गॅसने झाडं बिघडतात हे युरोपात एकोणिसाव्या शतकात लोकांच्या लक्षात आलं होतं. त्यातला कारणीभूत वायू इथिलीन आहे हे १९०१ मध्ये रशियाच्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर दाखवलं. पिकणारं फळ स्वतःच हा वायू सोडतं हे १९३४ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर सिद्ध केलं. त्याआधी १९१० मध्ये जमैकातून एक अहवाल आला होता: संत्र्यांसोबत ठेवलेली केळी वेळेआधी पिकतात. गंमत अशी की संत्रं स्वतः इथिलीन जवळजवळ सोडतच नाही. संत्र्यावर येणारी हिरवी बुरशी मात्र भरपूर सोडते. परडीतल्या एका बुरसलेल्या मोसंबीमुळे शेजारची केळी मऊ पडतात ती यामुळेच.

फळात इथिलीन तयार होतं ते मेथिओनिन या अमिनो आम्लापासून. मधल्या टप्प्यावर एसीसी नावाचं रसायन बनतं आणि शेवटी त्याचं इथिलीन होतं. हा टप्पा १९७९ मध्ये शांग-फा यांग यांच्या प्रयोगशाळेत उलगडला. स्वयंपाकघरासाठी यातली शेवटची पायरी महत्त्वाची: तिला प्राणवायू लागतो, आणि तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की ती मंदावते. आंबे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले की ते पिकत नाहीत, घुसमटतात. आत कार्बन डायऑक्साइड साचतो, तो इथिलीनच्या कामात आडवा येतो, आणि चार दिवसांनी पिशवी उघडली की दारूसारखा आंबूस वास येतो.

फळाच्या पेशींमध्ये इथिलीन पकडणारे ग्राही असतात आणि त्यांच्या गाभ्याशी तांब्याचा अणू असतो. त्यांची रीत जरा उलटी आहे. वायू नसताना हे ग्राही ‘थांबा, थांबा’ असा निरोप सतत देत असतात. इथिलीन चिकटलं की तो निरोप बंद पडतो आणि पिकण्याची जनुकं जागी होतात. आंबा, केळी, चिकू, पपई, सीताफळ, पेरू, फणस, टोमॅटो या फळांत पुढे एक साखळी सुरू होते: थोडं इथिलीन मिळालं की फळ स्वतः जास्त इथिलीन बनवतं, श्वसन एकदम वाढतं, फळ गरम होतं. एकदा हे चक्र फिरलं की बाहेरून वायू द्यायची गरज उरत नाही. द्राक्षं, डाळिंब, मोसंबी, अननस, कलिंगड, लिची, स्ट्रॉबेरी यांच्यात ही साखळी नाही. ती तोडली तिथेच थांबतात. ‘अननस दोन दिवस ठेवा, गोड होईल’ असं विक्रेता सांगतो तेव्हा साल पिवळी होईल, वास थोडा वाढेल, पण गोडी आहे तेवढीच राहील. महाबळेश्वरची आंबट स्ट्रॉबेरी घरी येऊन गोड होत नाही ती याच कारणाने.

बाकी संजीवकंही गप्प बसलेली नसतात. ऑक्सिन पिकणं लांबवतं. स्ट्रॉबेरीच्या पाठीवरचे बारीक दाणे ऑक्सिन सोडतात, ते कमी झाल्यावरच फळ लाल व्हायला लागतं. सायटोकायनिन हिरवेपणा टिकवतं. जिबरेलिन लिंबूवर्गीय फळांची साल जास्त दिवस हिरवी ठेवतं, आणि नाशिककडे बिनबियांच्या द्राक्षांचे मणी लांब-मोठे करायला त्याच्या द्रावणात घड बुडवतात. द्राक्षाचा रंग आणि गोडी सुरू करण्यात मात्र अॅबसिसिक आम्लाचा मोठा वाटा आहे, तिथे इथिलीन दुय्यम. म्हणजे फळ पिकणं हा एका बटणाचा खेळ नाही. आंब्या-केळ्यात इथिलीनचं पारडं जड आहे, म्हणून व्यापार त्याच्याभोवती फिरतो.

बाजाराभोवतीच्या रायपनिंग चेंबरमध्ये काय चालतं, याबद्दल लोकांच्या मनात बराच धूर आहे. प्रत्यक्षात ती एक बंद, थंड खोली असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून इथिलीन वायूने पिकवायला परवानगी दिली आहे, मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग. आकड्यात बघा: ३ बाय ३ बाय ३ मीटरची खोली म्हणजे २७,००० लिटर हवा, तिच्यात १०० पीपीएम म्हणजे फक्त २.७ लिटर इथिलीन. हा वायू स्फोटक आहे खरा, पण हवेत २.७ टक्के झाल्यावर, म्हणजे याच खोलीत सुमारे ७३० लिटर. तरीही सिलिंडरमधून अंदाजपंचे वायू सोडणं हा मूर्खपणाच. तिथे इथिलीन जनरेटर किंवा वायू मोजून सोडणारी यंत्रणाच हवी.

आंब्यासाठी तापमान २० ते २२ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास आणि वायू साधारण २४ तास. चुका होतात त्या इथेच. ट्रक रात्रभर चालून आलेला असतो, गराचं तापमान ३० अंशांच्या पुढे असतं, आणि घाईत क्रेट थेट आत लावून वायू सोडतात. भिंतीवरचा आकडा २० दाखवतो, पण मधल्या क्रेटमधला आंबा आतून गरमच असतो. मग बाहेरच्या रांगा एका वेळी पिकतात, मधल्या दुसऱ्या वेळी. सुईचा थर्मामीटर एका फळात खुपसून बघितल्याशिवाय वायू सुरू करू नये. ते एक फळ वाया गेलं तरी चालेल. दुसरी चूक कार्बन डायऑक्साइडची. पिकणारी फळं तो भराभर सोडतात आणि १ टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचा असर घटतो. दर बारा तासांनी वीस-तीस मिनिटं दारं उघडून हवा बदलायची, हे काम कंटाळ्याचं म्हणून हमखास टळतं. आणि क्रेट भिंतीला चिकटवून लावले तर पंख्याची हवा मधून जातच नाही.

चेंबरमधला वायू आणि फळाने स्वतः सोडलेला वायू यांत रेणूचाही फरक नाही. त्यामुळे ‘गॅसवर पिकवलेला’ हे ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. आधी विचारायचं ते हे की फळ किती आणे भरलेलं होतं.

कार्बाईडची बात वेगळी. कॅल्शियम कार्बाईडला ओल लागली की अॅसिटिलीन निघतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच. अॅसिटिलीन इथिलीनसारखा दिसतो म्हणून ग्राही त्यालाही थोडी दाद देतात, पण खूप कमी. त्यामुळे तो भरपूर लागतो. औद्योगिक कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते, लसणासारखा वास येतो तो त्या फॉस्फरसपासून निघणाऱ्या फॉस्फिनचा. फळांसाठी त्याच्या वापरावर २०११ च्या नियमांत स्पष्ट बंदी आहे. पेटीत कागदाच्या पुड्या सापडल्या, पांढरट भुकटी दिसली किंवा तो वास आला तर पेटी परत करा. इथिलीन देणाऱ्या पुड्याही असतात. त्या छिद्रांच्या डबीत हव्यात, फळाला टेकलेल्या नकोत. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पाण्यात फळं बुडवणं हेही नियमात बसत नाही. नुसत्या डोळ्यांनी कार्बाईडचा आंबा खात्रीने ओळखता येतो असा दावा कुणी केला तर तो ऐकून सोडून द्यावा. सगळी पेटी एकसारखी पिवळी, हाताला कडक, देठाजवळ वास नाही, एवढं दिसलं तर संशय घ्यायला जागा आहे, पुरावा नाही.

पाच डझनांची कच्ची पेटी घरी आली की ती तशीच खाटेखाली सरकवू नका. उघडा, एकेक फळ हातात घ्या. आपटलेली, चीक सांडून साल काळवंडलेली, देठाजवळ मऊ पडलेली फळं वेगळी काढा. जखमी फळ जास्त इथिलीन सोडतं, आधी पिकतं, सडतं आणि बाकीच्यांनाही घाई करायला लावतं. फळं आत्ता धुऊ नका. सालीवर करपा या बुरशीच्या रोगाचे बीजाणू आधीपासून निपचित बसलेले असतात, फळ पिकू लागलं की ते जागे होतात, आणि ओलसर सालीवर काळे डाग झपाट्याने पसरतात.

अढीसाठी भाताचा पेंढा उत्तम. ठाण्यात कुठे मिळणार म्हणाल तर पेटीतलाच जपून ठेवा, कमी पडला तर वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद. खाली पेंढा, त्यावर फळांचा एक थर, एकमेकांना न टेकवता, पुन्हा पेंढा, वर दुसरा थर. दोनाच्या वर तिसरा थर लावायचा मोह टाळा. पिकणारी फळं उष्णता सोडतात, ढिगाच्या पोटात तापमान चढतं आणि खालचे आंबे दबतात. वरून सुती पोतं पुरे. पेंढा वायू थोडा अडवतो, घाम शोषतो आणि हवा खेळू देतो, अढीचं सगळं शास्त्र एवढंच.

जागा घरातली सगळ्यात थंड निवडा. मे महिन्यात पश्चिमेकडची बाल्कनी दुपारी ३५ अंशांच्या वर जाते. तिथे साल डागाळते, चव उग्र होते आणि पिकणंही रखडतं. रात्री एसी २४ वर चालणारी खोली सगळ्यात बरी. साध्या खोलीत चौदा आणे हापूस ८ ते १२ दिवस घेतो. दर दिवसाआड अढी उघडून वासाने आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने तयार फळं काढत जा. हापूस गरम हवेत वरून थोडा हिरवट राहूनही आतून पूर्ण पिकतो, तेव्हा सगळी साल पिवळी व्हायची वाट पाहिली तर फळ उतरतं.

दोन-तीन दिवस घाई करायची असेल तर कागदी पिशवीत सहा आंबे आणि एक पिवळं, ठिपके पडू लागलेलं केळं. तोंड दोनदा दुमडायचं, टेप लावायचा नाही, रोज एकदा उघडून हवा द्यायची. आंबे दाबाला किंचित दबू लागले की केळं काढून घ्या, पुढचं त्यांचं ते करतात. केळ्याऐवजी सफरचंद ठेवायचा सल्ला वाचायला मिळतो. तो इथे बऱ्याचदा फसतो, कारण शीतगृहातून येणाऱ्या सफरचंदांना अनेकदा १-एमसीपी नावाचा वायू दिलेला असतो. तो इथिलीनच्या ग्राहींवर ठाण मांडून बसतो आणि सफरचंद महिनोन्महिने करकरीत, कडक राहतं.

केळ्याचं गणित निराळं. जळगावकडच्या जी-नाईन जातीच्या केळ्यांची साल २४ अंशांच्या वर नीट पिवळी होत नाही, गर मात्र पिकत जातो. मे महिन्यात हिरवा घड घरी आणून टांगलात तर आठवड्याने साल हिरवट, आत लगदा. यात केळ्यांचा दोष नाही, हवेचा आहे. चेंबरमध्ये ती १६ ते १८ अंशांवर पिकवतात. उन्हाळ्यात पिवळसर झालेलीच आणावीत, आणि १३ अंशांच्या खाली, म्हणजे फ्रिजमध्ये, कच्ची केळी कधीच ठेवू नयेत. साल करडी पडते आणि नंतर बाहेर काढूनही ती धड पिकत नाहीत.

डहाणू-घोलवडचा चिकू घेताना नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं, चीक आला तर सोडून द्या. तो मऊ होईल पण तुरट गाठी राहतील. पिवळसर-तपकिरी दिसलं तर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची जुनी पद्धत चालते. दाण्यांमध्ये वायू अडकून राहतो आणि ओल शोषली जाते. फक्त तिसऱ्या दिवसापासून रोज चाचपा, कारण तांदळात फुटलेला चिकू म्हणजे अख्खा डबा चाळत बसणं. सीताफळाला यातलं काही लागत नाही, डोळे रुंदावून मधला भाग मलईसारखा झालेला असेल तर ते दोन-चार दिवसांत आपोआप होतं.

पिकलेले आंबे फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात तीन-चार दिवस चांगले राहतात. पण त्याच कप्प्यात कोथिंबीर, पालक, काकडी किंवा गाजर ठेवू नका. आंब्यातून थंडीतही थोडं इथिलीन निघत राहतं. पाला आणि काकडी पिवळी पडते, गाजर कडू होतं.